चांदणी शिकवणाऱ्या सुमती अक्का

सुमती अक्कांना कुणी त्यांची चूक दाखवलेली खपत नसे, आणि त्यांचं कामच मुळी दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्याचं होतं.

बंगळूरच्या मल्लेश्वरमला एका कापडाच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. नव्वदनंतरची पहिली काही वर्षं मी तिथे होते. लांब हॉलमध्ये बारा मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, आणि बारा बायका. परदेशातली जुनी जाडजूड पुस्तकं यायची, ती आम्ही जशीच्या तशी टाईप करायची. हॉलच्या टोकाला काचेची एक खोली होती, तिच्यात एकच मशीन. टाईप झालेलं सगळं त्या खोलीत जायचं आणि तिथे बसून सुमती अक्का त्यातल्या चुका काढायच्या. त्या खोलीला सगळे करेक्शन म्हणायचे.

अक्का उंच, काटकुळ्या. नेसायच्या नेहमी खळ घातलेली सुती साडी. चष्मा काळ्या दोऱ्याने गळ्यात. मशीनवरचं प्लास्टिकचं झाकण त्यांनी फेकून दिलं होतं, "प्लास्टिकला घाम सुटतो" म्हणून. त्याजागी त्या मलमलचा रुमाल घालायच्या. सकाळी आल्या की आधी रुमाल झटकून त्याची चौघडी करायच्या आणि मग चपला काढायच्या. दुपारी डब्याच्या झाकणात शेंगदाण्याची चटणी घेऊन दीड भाकरी खायच्या. दीडच. उरलेली अर्धी घरी परत. कुणाला घास विचारायच्या नाहीत आणि कुणाचा घ्यायच्याही नाहीत. लग्न केलेलं नव्हतं. खानापूरकडच्या. म्हाताऱ्या आईला घेऊन राजाजीनगरात राहायच्या. मालकांशी कन्नड, परदेशी फोनवर इंग्रजी, आणि मराठी फक्त माझ्याशी, कारण मराठी कळणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं.

मी निपाणीजवळच्या खेड्यातली, शाळा चौथीपर्यंत. लग्नानंतर बंगळूरला आले. आमचे हे कारखान्यात टर्नर होते. आम्ही राहायचो त्या बंगळूरच्याच श्रीरामपुरातल्या शेजारणीने सांगितलं की एका ऑफिसात अक्षरं बघून बटणं दाबायचं काम आहे, इंग्रजी यायची गरज नाही. मला खोटं वाटलं, तरी गेले. अक्कांनी एक छापील कागद पुढे ठेवला.

"वाचता येतं हे?"

"नाही."

"एक शब्दसुद्धा?"

"नाही हो."

"मग बस की," त्या म्हणाल्या. "ज्याला इंग्रजी येतं तो पुस्तक सुधारत बसतो. मला सुधारणाऱ्या नकोत, उतरवून काढणाऱ्या हव्यात."

मी एकेक अक्षर चित्रासारखं बघून उतरवलं, अर्ध्या तासात पाच ओळी. त्यांनी ओळींवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हळू आहेस. पण चूक नाही. उद्यापासून ये."

आम्हा बाराही जणींना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून आमच्या चुकाही आकाराच्याच असायच्या. इंग्रजी एल आणि एकचा आकडा सारखे दिसतात, ओ आणि शून्य सारखे. आर आणि एन जवळ आले की एम वाटतो. वर्षभरात मला कळायला लागलं की कुठली चूक कुणाच्या हातची. शकुंतला नेहमी एलच्या जागी एक मारायची. पुट्टम्मा ओळच गाळायची, पण एम कधी चुकायची नाही. एकदा अक्का हॉलमध्ये येऊन विचारत होत्या, हे पान कुणी केलं म्हणून. माझ्या तोंडून हळूच निघून गेलं, "शकुंतलानं." पानावर नाव नव्हतं. अक्कांनी पान माझ्या टेबलावर ठेवलं.

"कशावरून?"

मी एलच्या जागी आलेल्या एकांवर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काचेच्या खोलीत दुसरी खुर्ची नेऊन ठेवली. "रुक्मी, बा इल्ली, ये इकडे. जेवणाच्या सुट्टीत रोज इथं बसायचं. तोंड बंद, डोळे उघडे."

असं माझं शिक्षण सुरू झालं. अक्का जुन्या छपाईच्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलने लिहायच्या. मशीनला आज्ञा द्यायची, हे शोध आणि त्याजागी ते घाल. मला वाटलं यात शिकायचं काय? पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, शकुंतलाच्या पानातले चुकीचे एक काढून एल घाल. मी आज्ञा दिली, सगळे एक शोध, एल घाल. क्षणात झालं. मी खूश. अक्कांनी पान वर सरकवलं. पानांचे नंबर, सालं, मापं, जिथे म्हणून एकचा आकडा होता तिथे एल येऊन बसला होता.

"काय करायलीस हे?" त्या ओरडल्या नाहीत. त्यांचा आवाज राग आला की उलट खाली जायचा. "चौथी पास झालीस की नापास?"

"पास."

"वाटत नाही. आता सांग, शब्दातला एक आणि नंबरातला एक, तुला कसा वेगळा कळतो? इंग्रजी तर येत नाही."

मी बराच वेळ पानाकडे बघितलं. "शब्दातल्याच्या दोन्ही बाजूंना अक्षरं आहेत."

"मग तेच त्याला सांग. त्याला कुठं इंग्रजी येतं? तो पण तुझ्यासारखाच."

मशीन माझ्यासारखंच अडाणी आहे हे ऐकून माझी भीती गेली. त्यांनी दाखवलं की चौकोनी कंसात ए ते झेड लिहिलं की कुठलंही एक अक्षर. अशा दोन कंसांच्या मधला एक शोधायचा, बाजूची अक्षरं तशीच ठेवायची आणि मधला बदलायचा. नुसत्या टिंबाचा अर्थ काहीही एक. चांदणीचा अर्थ आधीचं जे असेल ते कितीही वेळा, अगदी एकदाही नसलं तरी चालेल. टिंब आणि चांदणी जोडून लिहिली की काहीही, कितीही. स्टारला त्या चांदणी म्हणायच्या. ओळीच्या सुरुवातीची खूण वेगळी, शेवटाची वेगळी. सगळं त्यांनी मराठीत सांगितलं. आज मला या गोष्टींची इंग्रजी नावं माहीत नाहीत आणि कधी लागलीही नाहीत.

त्यांचा एक नेम होता. आधी शोध, मग बदल. म्हणजे बदलायची आज्ञा द्यायच्या आधी नुसतं शोधायला सांगायचं, काय काय सापडतं ते डोळ्यांनी बघायचं. पन्नास जागा असतील तर पन्नास बघायच्या. मी कंटाळून तिसाव्याला थांबले की म्हणायच्या, "स्वल्प थांब. एकतिसाव्याला साप असतो."

दुसरा नेम रजिस्टरचा. कुठल्या फाईलवर कधी कुठली आज्ञा चालवली ते एका लांब वहीत लिहायचं आणि शेवटच्या रकान्यात चालवणाऱ्याच्या नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर. अक्कांचं अक्षर इतकं वाईट होतं की मालक वैतागायचे. म्हणून मी खोलीत बसायला लागल्यावर वही माझ्याकडे आली. मी आज्ञा पडद्यावर बघून जशीच्या तशी उतरवायची. "शेवटी आर घाल," त्या म्हणायच्या. "लिहिणारी तू, तर अक्षर तुझं." आज्ञा त्यांनी दिलेली असो की मी, खाली आरच. मला तो आर फार आवडायचा. माझ्या नावाचं इंग्रजीतलं तेवढंच मला येत होतं.

चांदणीची खोड त्यांनी मला ऑफिसात शिकवली नाही. एका संध्याकाळी आम्ही बरोबर निघालो. आठव्या क्रॉसच्या गल्लीतल्या बाजारात त्या आईच्या पूजेसाठी फुलं घ्यायला थांबल्या. फुलवालीच्या टोपलीत मोगऱ्याची लांबच लांब माळ होती, वीतभर मोगरा, मग मरव्याची काडी, परत मोगरा, परत मरवा. अक्का तिला कन्नडमध्ये म्हणाल्या, "मरव्यापासून मरव्यापर्यंत तोड." तिने एक वीत तोडून दिली. अक्का माझ्याकडे वळल्या.

"हिनं कुठल्या मरव्यापर्यंत तोडलं?"

"पुढच्या."

"मी पुढच्या म्हटलं होतं का?"

"नाही."

"आपल्या मशीननं कुठवर तोडलं असतं?"

मी माळेकडे बघितलं. "शेवटच्या?"

"सगळी माळ," अक्का म्हणाल्या. "चांदणी हावरट असते. शेवटचा मरवा दिसेपर्यंत थांबत नाही. तिला सांगावं लागतं, मोगरा घे, मरवा सोडून काहीही घे, पण मरवा आला की थांब." फुलवाली आमच्याकडे बघत होती. "एन अक्का, काय हे, फुलं घेता की माळेवर पाठ देता?" अक्का हसल्या. त्यांना मोठ्याने हसताना मी तेवढंच पाहिलं. ती वीतभर माळ त्यांनी मधोमध तोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली. भाकरीचा घास न देणाऱ्या बाईने.

त्याच संध्याकाळी त्या म्हणाल्या, "दिवाळीनंतर मी साहेबांना सांगणार आहे. तुला हॉलमधून काढून करेक्शनला घ्यायचं. मला एकटीला होत नाही." मी घरी जाऊन ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तिथं शिकलेल्या पोरी लागतात." मी म्हटलं, "अक्का सांगणार आहेत." त्यांच्या शब्दाला ऑफिसात वजन होतं. मला दुसरं काही नको होतं. काचेच्या खोलीतली ती दुसरी खुर्ची पूर्ण दिवसासाठी हवी होती.

इथपर्यंत लिहून मी ही माझी लिहायची वही चार दिवस मिटून ठेवली होती. चांगलं होतं तेवढं लिहून संपलं.

त्या दिवाळीच्या आधी झाडपाल्याच्या औषधांचा एक मोठा कोश आला. एका झाडाची सगळी माहिती एका लांबलचक ओळीत. टाईप करताना जिथे छपाई पुसट असेल तिथे आम्ही चौकोनी कंसात पानाचा नंबर घालून ठेवायचो, म्हणजे नंतर मूळ पुस्तकात बघता येईल. सगळं तपासून झाल्यावर ते कंस काढून टाकायचे आणि मग फाईल परदेशी पाठवायची. एवढं शेवटचं काम राहिलं होतं.

त्याच आठवड्यात मालकांनी एक इंजिनियर आणला होता. टाय लावणारा, नुकता कॉलेजातून आलेला. वाईट नव्हता. पण अक्का काही सांगायला लागल्या की वाक्य पुरं व्हायच्या आत "यस यस" म्हणायचा. अक्का त्या आठवड्यात दीड भाकरीही संपवत नव्हत्या.

फाईल पाठवायच्या दिवशी मालक आणि तो दोघे काचेच्या खोलीत येऊन अक्कांच्या खुर्चीमागे उभे राहिले. मी बाजूला वही घेऊन. मालक त्याला म्हणाले, "बघ, आमच्या मॅडम एका ओळीत हजार पानांचं काम करतात." अक्कांनी आज्ञा टाईप केली. उघडा कंस, टिंब, चांदणी, बंद कंस, आणि त्याजागी काही नाही; कंसांच्या आधी तिरकी रेघ, म्हणजे हे खुणेचे नाहीत, पानातले खरे कंस.

मी बघितलं. एका झाडाच्या ओळीत पुसट जागा दोन दोन, चार चार होत्या. मीच तर घातले होते ते कंस.

मी खाली वाकून मराठीत म्हटलं, "अक्का, एका ओळीत दोन दोन कंस आहेत. मधलं सगळं जाईल."

त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "गप. माणसं उभी आहेत."

"आधी शोधून बघू या की."

"मला शिकवतेस?" आवाज अगदी खाली गेला होता.

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर किती जागा बदलल्या तो आकडा आला. मालकांनी इंजिनियरच्या पाठीवर थाप मारली, जणू त्यानेच केलं. आमचं बोलणं त्या दोघांना कळलं नव्हतं. इंजिनियरने विचारलं, काय म्हणते ही? अक्का म्हणाल्या, "चहा विचारतेय." सगळे हसले. मग मला म्हणाल्या, "लिही."

मी आज्ञा वहीत जशीच्या तशी उतरवली. हात रोजच्या सवयीने शेवटच्या रकान्यात गेला आणि मी आर घातला.

सगळे गेल्यावर त्या उघडून बघतील असं मला वाटलं. त्यांना माहीत होतं. मला माळेवर शिकवणारी बाई, तिला माहीत नसेल कसं? पण त्यांनी मशीन बंद केलं आणि रुमाल घातला. मी दारात उभी होते. म्हणाल्या, "जा की घरी." फाईल गेली.

दिवाळीनंतर परदेशातून फॅक्स आला. पुढे आणखी आले. झाडांची नावं होती, शेवट होते, मधले उपयोग, मात्रा, धोके, सगळं गायब होतं. मालकांनी रजिस्टर मागवलं.

त्या दिवशी अक्कांनी मला जिन्याच्या वळणावर, पाण्याच्या पिंपाजवळ गाठलं. हातात पेला होता, पण पाणी घेतलं नव्हतं.

"साहेब विचारतील. तू हो म्हण."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "काय हो म्हणू?"

"आज्ञा तू चालवलीस म्हणून. वहीत तसंच आहे."

"मी तुम्हाला सांगितलं होतं, अक्का."

"माहीत आहे मला!" मग इकडेतिकडे बघून, "रुक्मी, तुझं काय जातंय? तुला नवरा आहे. उद्या चार घरची पोळ्याभाजी धरलीस तरी चालेल तुला. मला चाळिसाव्या वर्षी कोण ठेवणार? तो टायवाला माझ्या खुर्चीवर बसायला टपलाय. आईला घेऊन मी कुठं जाऊ?"

मला बोलता येत नाही असं नाही, पण वेळेला येत नाही. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. "मी तुला परत आणीन. सहा महिन्यांत. शब्द देते."

मालकांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. कन्नडमध्ये विचारलं, "हे तुझं अक्षर का?"

अक्षर माझंच होतं. मी मान हलवली.

"कुणी सांगितलं तुला हे चालवायला?"

अक्का शेजारी उभ्या होत्या, चष्म्याचा दोरा बोटाला गुंडाळत. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या बोलतील म्हणून थांबले.

त्या बोलल्या. "तिला कळत नाही, सर. चौथी शिकलेली आहे. मीच चुकले, मशीनला हात लावू दिला."

मालक म्हणाले, "तुमचा जीव फार मऊ आहे, मॅडम."

हॉलमधून माझी चटणीची बरणी आणि छत्री घेतली. शकुंतला रडली. घरी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मी म्हणालो होतो ना, शिकलेल्या पोरी लागतात." त्यांना खरं सांगायला माझ्याजवळ काही पुरावा नव्हता. अजून सांगितलेलं नाही.

सहा महिने मी वाट बघितली. मग आणखी सहा. दुसऱ्या एका ऑफिसात गेले. त्यांनी विचारलं, आधीच्या जागेचं पत्र आहे का? मग मल्लेश्वरममधल्याच दोन घरी स्वयंपाकाला लागले. अक्का म्हणाल्या होत्या तसंच.

काही वर्षांनी, त्यांतल्या एका घरची मुलगी कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागली, संपिगे रोडवर दुसऱ्या मजल्यावर. एकदा ती डबा विसरली म्हणून तिच्या आईने मला पाठवलं. वर्गाचं दार अर्धं उघडं होतं. आतून आवाज आला आणि मी जिन्यातच उभी राहिले.

सुमती अक्का शिकवत होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. पंधरावीस मुली, सगळ्या पदवीच्या. फळ्यावर उघडा कंस, टिंब, चांदणी, बंद कंस. आणि कन्नडमध्ये गोष्ट सांगत होत्या, त्यांच्या जुन्या ऑफिसात एक टायपिस्ट होती, तिने मागचापुढचा विचार न करता ही आज्ञा चालवली आणि औषधांचं अख्खं पुस्तक खाऊन टाकलं. कुठल्या झाडाने माणूस बरा होतो आणि कुठल्याने मरतो, सगळं गेलं. मुली खो खो हसत होत्या. गोष्ट छान सांगत होत्या. बऱ्याचदा सांगितलेली असावी, कुठे थांबायचं ते पक्कं होतं.

एका मुलीने विचारलं, "मग तिचं काय झालं, मॅम?"

तेवढ्यात अक्कांची नजर दाराकडे आली. डबा घेऊन उभ्या असलेल्या मला त्यांनी ओळखलं. खडू हातात तसाच राहिला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावरची नजर हलवली नाही.

अक्का त्या मुलीकडे वळल्या. "मी खूप समजावलं होतं तिला," म्हणाल्या, आणि फळा पुसायला लागल्या.

मी डबा उंबऱ्यावर ठेवला आणि खाली उतरले.